बटणावरचा आठवडा

सुहासिनीबाई नोकरीला लागल्या तेव्हा पिंपळे सौदागरच्या त्यांच्या सोसायटीत बरेच दिवस एकच चर्चा होती, की ह्या बाई तिथे नेमकं करतात तरी काय. सॉफ्टवेअर कंपनीत आहेत म्हणावं, तर प्रोग्रॅमिंगचा गंध नाही. वेबसाइटच्या बटणांवर कोणते शब्द लिहायचे ते ठरवते, असं त्यांनी स्वतःच सांगितल्यावर तर लोक आणखी बुचकळ्यात पडले. नवरा गुरुदत्त भोसरीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, जिभेला हाड नसलेला माणूस. आमची ही दिवसाला दोन शब्द लिहिते आणि संध्याकाळी दमून घरी येते, असं तो भेटेल त्याला सांगायचा.

पण काम होतंच दमवणारं. चाकणच्या एका कारखान्याला कामगारांच्या बससाठी वेबसाइट हवी होती. काळेवाडीपासून राजगुरुनगरपर्यंतच्या माणसांनी घरबसल्या, फोनवरूनच आपापल्या शिफ्टच्या बसमध्ये जागा ठेवायची, एवढाच तिचा उद्देश. ऑफिसातल्या तीन पोरांनी तिची तीन पानं बनवली आणि प्रत्येकाने आपल्या मर्जीचे शब्द घातले. एकाच गोष्टीला एका पानावर 'आसन आरक्षण', दुसऱ्यावर 'बुकिंग', तिसऱ्यावर नुसतंच 'सबमिट'. ठेवलेली जागा नको असेल तर काय दाबायचं, हे तर प्रत्यक्ष ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. घरातला मिठाचा डबा रोज वेगळ्या फळीवर ठेवला तर सुगरणीचासुद्धा स्वयंपाक बिघडेल, असं सुहासिनीबाईंनी त्या पोरांना सुनावलं, आणि सगळ्या पानांवर दोनच बटणं ठेवली: 'जागा धरा' आणि 'जागा सोडा'. पोरं आधी हसली. मग जेवायच्या सुट्टीत तीच एकमेकांना "माझी जागा धर रे" म्हणू लागली.

कंपनीचा मालक क्षितिज तिशीतला, स्वभावाने सरळ. पण नुसत्या शब्दांसाठी वेगळं माणूस ठेवायचं, हे काही त्याच्या पचनी पडत नव्हतं. मराठी तर आता कॉम्प्युटरही करून देतो, असं त्याचं म्हणणं. त्याने आडपडदा न ठेवता सांगून टाकलं होतं, की साइट थोडे दिवस चालवून बघू. कारखान्याच्या बसगाड्यांची व्यवस्था बघणाऱ्या ज्योतीरामला कामगार जागेसाठी फोन करकरून हैराण करत. ते फोन थांबले तर बाईंची नोकरी पक्की. नाही थांबले, तर शब्दांचं काम कॉम्प्युटरकडे.

सुहासिनीबाईंना ही नोकरी हवी होती, अगदी मनापासून हवी होती. मुलगी ऋता नोकरीसाठी बंगळुरूला गेल्यापासून घर खायला उठायचं, हे एक झालंच. पण त्याहून मोठं म्हणजे, आपल्याला काहीतरी खरोखर चांगलं जमतं, हे त्यांना पन्नाशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदाच कळलं होतं. ते एवढ्यात हातचं जाऊ द्यायची त्यांची तयारी नव्हती.

साइट सुरू झाली आणि पहिल्याच शुक्रवारी बोऱ्या वाजला. दुपारच्या शिफ्टला निघालेल्या निम्म्या लोकांच्या जागा बसमध्ये दिसेचनात. त्यांनी जागा धरल्या होत्या, पण साइटने त्या सोमवारपासून लावल्या होत्या. ज्योतीराम राजगुरुनगरच्या बाजूचा गडी, आवाज खणखणीत. त्याने सगळ्यांना कसंबसं दाटीवाटीने बसवून पाठवलं आणि क्षितिजला फोन केला. "तुमच्या त्या साइटपरीस माझा फोनच बरा व्हता," एवढं बोलून त्याने तो ठेवूनही दिला.

क्षितिजने निकाल लावून टाकला, की लोक काही वाचतच नाहीत, सरळ बटण दाबतात. सुहासिनीबाई वाद घालत बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी रिक्षा करून त्या काळेवाडीच्या बस थांब्यावर गेल्या. तिथे विजयश्री भेटली. लातूरकडची पोर, नवऱ्यामागे इथे आलेली, कारखान्यात वायरिंगच्या लाइनवर काम करणारी. तिने फोन काढून आपण काय दाबलं ते सगळं दाखवलं. दुपारची शिफ्ट लागणार म्हणून बिचारीने बुधवारीच जागा धरून ठेवली होती.

"मी बरोबरच दाबलं की ताई," ती म्हणाली. "हे बघा ना, 'पुढचा आठवडा'."

"अगं, पण पुढचा आठवडा सोमवारी सुरू होतो ना?"

"सोमवारी कसा होईल? गुरुवारी सुट्टी झाली, की शुक्रवारी शिफ्ट बदलली. मग शुक्रवारपासूनच नवा आठवडा लागला की."

सुहासिनीबाईंना हसावं की रडावं कळेना. ह्या पट्ट्यातल्या किती तरी कारखान्यांना रविवारी नाही, गुरुवारी सुट्टी असते, हे त्यांना कुणी शिकवायला हवं होतं असं नाही. गुरुदत्तच्या नोकरीपायी त्यांचा सगळा संसारच गुरुवारवर चालला होता. घरी येऊन त्यांनी झाला प्रकार सांगितला, तेव्हा गुरुदत्तला हसू आवरेना. "अगं, माझे कंपनीतले लोक यावेत म्हणून आपलं लग्नसुद्धा गुरुवारी लावलं होतं," तो म्हणाला. ऑफिसला शनिवार-रविवार सुट्टी मिळायला लागली आणि बाई सोमवारवाल्या झाल्या. स्वतःचा भयंकर राग आला त्यांना.

सोमवारी क्षितिजने तोडगा सुचवला. खाली बारीक अक्षरात एक ओळ टाकू, 'आठवडा सोमवारी सुरू होतो'. सुहासिनीबाई एरवी मालकाशी चढ्या आवाजात बोलणाऱ्या नव्हेत, पण त्या दिवशी बोलल्या. ज्यांचा आठवडा शुक्रवारी लागतो त्यांना आपण सोमवार शिकवायला निघालो, तर ते परत ज्योतीरामलाच फोन करतील. 'आठवडा' हा शब्दच बटणावर नको. सरळ लिहा, 'शुक्रवार १२ ते बुधवार १७'. क्षितिज म्हणाला, एवढं लांबलचक बटणात मावत नाही. मग दोघांनी बसून बाजूचं 'कृपया निवडा' उडवलं, बटणावरचं बसचं चित्र लहान केलं आणि मावेल असं केलं. तेवढ्यावर बाई थांबल्या नाहीत. जागा धरल्यावर कामगाराला जो मेसेज जातो त्यात आणि ड्रायव्हरच्या फोनवर जे दिसतं त्यातही त्यांनी हेच वार आणि ह्याच तारखा, ह्याच क्रमाने घालून घेतल्या. पोरं वैतागली, पण त्यांनी केलं.

पुढच्या शुक्रवारी त्या आणि क्षितिज दुपारच्या बसच्या वेळेला काळेवाडीच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. क्षितिजचा चेहरा परीक्षकासारखा होता. बस आली. विजयश्री मैत्रिणीशी गॅस सिलेंडरच्या गप्पा मारत चढली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. मागची माणसंही चढली. कुणी कुणाला काही विचारलं नाही. बस निघून गेली.

गाड्या बघायला आलेला ज्योतीराम थांब्याजवळच्या टपरीवर चहा पीत होता. त्याला मात्र चैन पडत नव्हती. खिशातून फोन काढून त्याने उलटासुलटा करून बघितला आणि बाईंपाशी आला.

"म्याडम, जरा मला एक फोन लावा बरं," तो म्हणाला. "सकाळधरनं वाजलाच न्हाई. बिघडला का काय, बघू."

बाईंनी फोन लावला. टपरीवरची माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्यांदा तो वाजला. ज्योतीरामने तो बंद केला, पुन्हा एकदा नीट न्याहाळला आणि "चालू हाय की," असं पुटपुटत खिशात टाकला.

क्षितिजला हसू फुटलं. बराच वेळ तो हसत होता. मग म्हणाला, "मॅडम, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका कारखान्याच्या कॅन्टीनचं काम येतंय. त्याचे शब्द तुम्हीच बघायचे. आणि ह्यापुढचेही सगळे."

इतका आनंद सुहासिनीबाईंना कित्येक वर्षांत झाला नव्हता. त्यांनी पदराने चष्मा पुसला.

"बघते की," त्या म्हणाल्या. "पण पुढच्या आठवड्यात म्हणजे कोणत्या तारखेला, तेवढं सांगा."

क्षितिजने मुकाट्याने फोन काढला आणि कॅलेंडरमध्ये बघून वार आणि तारीख दोन्ही सांगितली.