मेश्राम मॅडमचं ‘सीन’

आमच्या हायस्कुलात कागद साचतात तसे किस्सेही साचतात. फरक एवढाच, की किश्श्यांना जावक क्रमांक नसतो! मी इथला क्लार्क आणि रोज डायरी लिहिणारा माणूस, म्हणून हे टिकले. बहुतेक सगळे एकाच वहीचे आहेत : नोटीस बुक.

शिपाई नामदेवभाऊ ती वही वर्गावर्गात फिरवतात. आमच्याकडं तिच्यात दोन इंग्रजी शब्द चालतात. ‘सीन’ लिहून नावाचं पहिलं अक्षर टाकलं, म्हणजे नुसतं पाहिलं. पूर्ण ‘साइन’ केली, म्हणजे कबूल. ऐकायला भाऊभाऊ, पण दोघांच्या मध्ये अख्खी दिवाळीची सुट्टी मावते!

कशी, ते काळे सरांना विचारा.

*

काळे सरांनी एकदा आलुबोंडा खाता खाता न वाचताच सही ठोकली. नोटीस होती नव्या कुंपणभिंतीला सुट्टीत रोज पाणी मारण्याची! सगळे आपापल्या गावी गेले आणि सर रोज आर्वीहून एसटीनं येऊन हातात पाइप धरून उभे.

गावातलं कोणी विचारायचं, “सर, झाडं लावली का?”

“नाई, भिंत लावली. वाढून राह्यली!”

शाळा उघडली तेव्हापासून अख्खा स्टाफ ‘सीन’वर आला. नामदेवभाऊ दिसले की सगळे आधी त्यांचा चेहरा वाचायचे. “का आहे आत?”

“मले का माहीत? मी निस्ती धरून राह्यलो!”

*

हेडमास्तरांनी मुलीच्या लग्नाची पत्रिका त्याच वहीत ठेवून फिरवली. वही परत आली. अकरा नावं, अकरा ‘सीन’!

हेडमास्तर माझ्या टेबलाशी. “अहो, येऊन राह्यले का नाई, हे कसं समजावं? आचाऱ्याले का सांगू?”

“सर, पाहिलं एवढंच कबूल केलं त्यांनी.”

लग्नाला अकराच्या अकरा आले. सहकुटुंब!

*

या सगळ्यांत पक्क्या आमच्या गणिताच्या मेश्राम मॅडम. कागद आधी उलटा करून मागची कोरी बाजू तपासणार, मग पुढची वाचणार. शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप झाला, तर पहिल्याच दिवशी त्यांनी मेसेज वाचल्याच्या निळ्या खुणा बंद केल्या.

काळे सर म्हणाले, “काऊन हो मॅडम?”

“मी पाहिलं का नाई, हे मी सांगीन. मोबाइल कोण सांगणारा?”

*

दर जानेवारीत सेवाज्येष्ठतेची यादी फिरते. तिच्यात जो वर, तो पुढचा हेडमास्तर. पहिले हेडमास्तर स्वतः, काळे सर दुसऱ्या नंबरवर, मेश्राम मॅडम तिसऱ्या. मॅडम म्हणायच्या, “मी सरांच्या तीन आठवडे आधी लागली. मी वर पाहिजे.” हेडमास्तर म्हणायचे, “पुढच्या वर्षी पाहू.” यादी मीच टाइप करायचो. मागच्या वर्षीची समोर ठेवून! पुढचं वर्ष असंच बारा वेळा आलं.

या एका कागदावर मात्र स्टाफ बेधडक सही करायचा. मॅडम तेवढ्या ‘सीन’.

“मॅडम, आमच्यावर विश्वास नाई का?” हेडमास्तर एकदा चिडले.

“आहे ना सर. म्हणून तर पाहिली.”

मागून सगळे हसायचे. खोटं कशाला, मीही हसलोय. डायरीत तशी नोंद आहे.

*

हेडमास्तर रिटायर झाले आणि खुर्चीचा प्रश्न वर्ध्याला शिक्षणाधिकारी साहेबांकडं गेला. सुनावणीला बारा वर्षांच्या याद्या मीच काखेत धरून नेल्या. काळे सर माझ्याशी बोलत नव्हते, मॅडमही नव्हत्या. दोघांनाही माझाच संशय!

साहेब म्हणाले, “मॅडम, बारा वर्षं यादी मान्य केली आणि आता हरकत?”

“मान्य केली असं कोठं लिहिलं आहे, ते दाखवा साहेब.”

साहेबांनी याद्या उलटल्या. पहिली, दुसरी, तिसरी... सातवीला चष्मा काढून पुसला. बाराव्या यादीनंतर त्यांनी दोघांची रुजू झाल्याची पत्रं मागवली.

तारखा मॅडम म्हणत होत्या त्याच निघाल्या.

बाहेर आल्यावर काळे सर म्हणाले, “बारा याद्यांवर न वाचता सह्या ठोकल्या. त्या भिंतीनं मले काहीच शिकवलं नाई!”

*

पंधरा दिवसांनी ऑर्डर आली. मुख्याध्यापिका म्हणून मेश्राम मॅडम! सगळा स्टाफ ऑफिसात जमला. नामदेवभाऊंनी पेढे आणले. काळे सरांनी स्वतःचा पेन पुढं केला. मी ऑर्डर मॅडमसमोर ठेवली आणि ‘स्वीकारले’ या शब्दापुढं बोट ठेवलं.

मॅडमनी कागद उलटा केला. मागची बाजू पाहिली. सुलटा केला. पहिल्या ओळीपासून वाचला. मग परत वाचला. पेढ्यांवर माशा बसायला लागल्या.

शेवटी त्यांनी पेन घेतला, लिहिलं आणि कागद माझ्याकडं सरकवला.

‘सीन’.

“मॅडम! इथं साइन पाहिजे!”

मॅडम उठल्या, पेढा घेतला आणि हेडमास्तरांच्या खोलीकडं निघाल्या.

“थांबा जरा. पहिले खुर्ची पाहून येते.”