रानउडदावर बसलेला पैलवान

आकाराम पैलवानानं जेवढ्या कुस्त्या धरल्या, तेवढ्या वेळा त्याची पाठ मातीला लागली. शेवटची अडुसष्ट साली हंबीररावानं मारली. पेपरात हंबीररावाचा गदेसकट फोटो आला. आकारामाचं मात्र नावही नाही, नुसतं 'प्रतिस्पर्ध्यास चीत केले'. हे त्याला हरण्यापेक्षा जास्त झोंबलं.

पुढं शाहूपुरीजवळच्या एका कॉलेजात कुंभोजकर सरांनी त्याला कामाला ठेवलं. काम काय म्हणाल, तर बसायचं! सर रानावनातनं झाडपाला आणत, तो पेपरांच्या घड्यांत घालून दोन फळ्यांमध्ये ठेवत, आणि वर आकाराम बसे. पाला सपाट होऊन वाळला की जाड कागदावर चिकटवायचा आणि खाली चिठ्ठी : वनस्पती अमुक, गाव तमुक, गोळा करणार प्रा. कुंभोजकर. आता आतली गोष्ट सांगतो. घड्या आकारामच घालायचा, आणि हंबीररावाच्या फोटोचा पेपर त्यात हटकून असायचा. दुपारभर त्याच्यावर बसल्याशिवाय गड्याला जेवण पचत नसे.

एकदा सरांनी चंदगडच्या माळावरनं रानउडदाची वेल आणली. असली वेल म्हणे आजवर कुणी नोंदलेलीच नव्हती. पुण्याचे एक तज्ज्ञ ती न्यायला येणार होते. चिठ्ठी आधीच तयार. आकारामानं बसल्या जागेवरनं वाकून वाचली.

"सर, आमचं नाव कुठाय?"

"अहो, गोळा करणाऱ्याचं असतं."

"तुमी नुसतं उपटलंसा की! दाबलं कुणी?"

"शास्त्रात दाबणाऱ्याचं नाव नसतं."

"मग शास्त्राला बसवा हितं! नाव लिवा, तवर मी उठत न्हाई."

तज्ज्ञ आले, चहा प्याले, घड्याळ बघू लागले. शिपायांनी ओढलं, हॉकीच्या पोरांनी ढकललं, प्राचार्यांनी इंग्रजीत दम भरला. आकाराम ढिम्म. जन्मात पहिल्यांदा त्याला कुणाला हलवता येत नव्हतं, आणि बघायला अख्खं कॉलेज जमलेलं! शेवटी त्याच्या बायकोला, बयाबाईला बोलावणं धाडलं.

"लिवा की सर नाव," ती म्हणाली. "भाकरीचा वास आल्याबिगर ह्ये घरात बी उठत न्हाईत. आन् आज मी भाकरी केली न्हाई."

सरांनी दातओठ खात लिहिलं : 'दाब : आकाराम पैलवान'.

पैलवान रुबाबात उठला. फळी निघाली. त्या ओढाताणीत वेल अशी काही रगडली गेली होती, की पेपराची शाई पानांवर उतरलेली. मधल्या रुंद पानावर फेटा, गदा, मिशा!

तज्ज्ञांनी भिंग लावलं. "पानावर नक्षी! फारच दुर्मीळ!" म्हणत त्यांनी वेल कागदावर चिकटवून घेतली. पान वर, चिठ्ठी खाली.

आकाराम बघतच राहिला.

"बया," तो म्हणाला, "ह्यो सुक्काळीचा हितं बी माझ्या उरावर बसला की गं!"