छाती आठवड्यातून दोनदा

अक्कलकोट रोडच्या व्यायामशाळेत तो टॉवेलच्या कारखान्यातली पाळी संपवून यायचा. केसांत कापसाचे तंतू तसेच असायचे. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मी आठवड्यातून एकदाच छातीचा व्यायाम करायचो, तोही अंग मोडेपर्यंत. तरी छाती वाढेना, म्हणून स्टेरॉईडचं इंजेक्शन घ्यायचं ठरवलं. असली इंजेक्शनं विकून शरीराचा बाजार मांडणाऱ्यांना शिव्या देणारा मीच आता गिऱ्हाईक होणार होतो.

माझा बेत ऐकून तो खो खो हसला. "यंत्रमाग आठवड्यातनं एकदाच चालवून चादर व्हती व्हय, गड्या? तेवढंच काम दोन दिवसांत वाटून कर की! सुई कशाला?"

"पण वेळ लागेल."

"लागंल. पण छाती तुजी असंल."

त्याच गुरुवारी त्यानं मला बाकावर आडवं केलं आणि चौथ्या सेटनंतर बार काढून घेतला.

"अजून दम आहे," मी कुरकुरलो.

"ऱ्हाऊ दे. सोमवार काय पळून चाललाय?"