बहिरी ससाण्याची दोन पिसे

मनमाडला निजामाच्या रेल्वेच्या लहान रुळांच्या गाडीत बसले तेव्हा नुकते उजाडत होते. पुण्यात मी मुलींच्या शाळेत शिवणकाम आणि चित्रकला शिकवते. वर्गासाठी शिकारी पक्ष्यांची चित्रे प्रत्यक्ष पाहून काढायची, या हट्टाने मी भोकरदनला मामांकडे निघाले होते.

मामा मोटार ठरवून जालन्याला न्यायला आले होते. राजूरच्या अलीकडे मोटारीचे चाक फुटले आणि ते माझ्या पथ्यावर पडले. ड्रायव्हर खटपट करीत होता तोवर मामांनी मला उडण्यावरून पक्षी ओळखायला शिकवले. कापशी घार पंख फडफडवत हवेत एकाच जागी थांबे आणि अलगद गवतात उतरे. भोवत्या नावाचा शिकारी पक्षी ज्वारीच्या कणसांना जवळजवळ चाटून जाई. शिक्रा मात्र दिसला न दिसला तोच बाभळीतून सरडा उचलून पसार झाला.

दुसऱ्या दिवशी शेतात हुरडा खाऊन आम्ही दाऊदमियाँकडे गेलो. ते एका जहागीरदाराकडचे जुने मीरशिकार (शिकारी पक्षी पाळून तयार करणारे). जहागीरदारांचा शौक केव्हाच संपला होता. आता म्हाताऱ्याजवळ बहिरी ससाण्याची एकच मादी उरली होती. डोळ्यांवर कातडी टोपी चढवलेली ती अड्ड्यावर (बसायच्या दांडीवर) ताठ बसली होती. थंडी सरताना तिला उत्तरेकडे सोडून द्यायचे त्यांनी ठरवले होते. पण बाभळीत अडकून तिच्या उजव्या पंखाची दोन लांब पिसे मोडली होती. तशी सोडली तर तिला शिकार साधली नसती, ती उपाशी मेली असती.

गेल्या पावसाळ्यात गळलेली तिचीच पिसे त्यांनी फडक्यात जपून ठेवली होती. ती सुईने जोडता येतात, असे ते म्हणाले. पण त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मामांनी परस्परच माझे नाव पुढे केले.  दाऊदमियाँनी माझी बोटे चाचपून पाहिली.

"जल्दी करू नका, बाई," ते म्हणाले. "पिसाचा कल बघा, मंग सुई घाला."

पक्षी फडक्यात गुंडाळून मामांनी धरला. मिठाच्या पाण्यात बुडवलेली तिधारी सुई मी मोडक्या पिसाच्या पोकळीत सरकवली आणि वरून जुने पीस बसवले. पाणी सुकले की सुई गंजते आणि पीस घट्ट धरून ठेवते. पहिले पीस सरळ बसले. दुसरे माझ्या हातून चिरले.  पिसांच्या फडक्यात आता त्या मापाचे एकच पीस होते. दाऊदमियाँ ओरडले नाहीत. त्यांनी फक्त ते शेवटचे पीस माझ्या तळहातावर ठेवले. यावेळी मी श्वास रोखूनच काम पुरे केले.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बैलगाडीने माळावर गेलो. दाऊदमियाँनी तिच्या पायांतल्या चामडी पट्ट्या कापल्या, टोपी काढली आणि हात उंच केला. ती गेली. त्यांना दिसत नव्हते म्हणून मी सांगत राहिले: ती वळली, घिरट्या घेत वर चढली, आता नुसता ठिपका झाली. खाली पारव्यांचा थवा चालला होता. तिने पंख मिटले आणि दगडासारखी खाली झेपावली. वारा फाटत गेल्यासारखा आवाज झाला. थवा उधळला आणि एक पारवा तिच्या नखांत लोंबू लागला.

मी सांगायला तोंड उघडले, तर त्यांनी मला थांबवले.

"न्हाई, बाई. हा आवाज बराबर ओळखतो मी."

त्यांनी पागोटे काढून माझ्यापुढे मान लववली.  मीही वाकून नमस्कार केला. मामा नाक शिंकरत बैलांकडे निघून गेले.

परतीच्या गाडीत पिशवीत चित्रे होती, पण माझे लक्ष खिडकीबाहेरच होते. येत्या पावसाळ्यात ती पिसे गळतील आणि नवी येतील, हे मला ठाऊक आहे. माझ्या हातचे टाके पुष्कळ घरांत पेट्यांमध्ये घडी घालून ठेवलेले आहेत. यंदा दोन टाके आभाळात आहेत.