विंचूरचे हलके पाइप

स्टेनलेस स्टीलचा पाइप दिसला की विंचूरचे ते प्रकरण मला आजही आठवते. वाइनच्या एका कारखान्याचे काम चालू होते. नाशिकहून आलेले पाइप काट्यावर बिलापेक्षा बरेच कमी भरले, नग मात्र पूर्ण. ठेकेदाराने टेम्पोचालकालाच माझ्या पोलीस ठाण्यात आणले.

"साहेब, यानं वाटेत जाड पाइप उतरवून पातळ चढवले. गुन्हा दाखल करा."

त्यातच खबऱ्याचा फोन आला, की टेम्पो ढाब्यामागे बराच वेळ उभा होता. मी मालेगावच्या त्या चालकाला समोर बसवले.

"ढाब्यामागे काय करत होतास?"

"टायर बदलत होतो, साहेब. चोर म्हणून नाव लागलं तर मला भाडं कोण देणार?"

स्टेपनी पाहिली, खरेच पंक्चर होती. पण तेवढ्याने तो सुटत नव्हता. बिल पाहिले. त्यावरचे वजन काट्याचे नव्हतेच, हिशेबाचे होते. पाइपाच्या बाहेरच्या व्यासातून जाडी वजा करायची, उरेल त्याला जाडीने आणि ०.०२५ ने गुणायचे, की मीटरमागे किलो निघतात. व्यापाऱ्याने जाडी दोन मिलिमीटर धरली होती. टेम्पोतले पाइप १.६ चे निघाले. ते गोदामातूनच तसे निघाले का, एवढेच शोधायचे होते.

मी साध्या कपड्यांत नाशिकला व्यापाऱ्याच्या गोदामात गेलो. गंगापूर रोडच्या घराला रेलिंग करायचे आहे, म्हणालो. मी शून्यातून वर आलेलो, मला घासाघीस शिकवावी लागत नाही.

"शेठ, दोनचा आहे ना? मग काट्यावर ठेवा."

"आम्ही पाइप तोलत नाही, हिशेबानं देतो."

"मग राहू द्या." मी पायरी उतरलो.

"अहो, रागावता काय! माल सगळा एक-सहाचाच येतो. बाकीच्यांना दोनचं वजन लावतो, तुम्हाला एक-सहाचं लावतो. बाहेर बोलू नका."

मी ओळखपत्र काढले आणि पंच बोलावून गोदामातले पाइप मोजले.

चालक सुटला. ठेकेदार आणि व्यापारी मात्र माझ्याच ठाण्यात चहा पीत तडजोडीला बसले. चालकाकडे कोणी पाहीना. माझे डोके फिरले.

"सगळ्यांदेखत चोर म्हणालात ना? आता आवारात चला आणि चोर नाही म्हणा."

ठेकेदार पुटपुटला.

"मोठ्यानं!"

त्याने म्हटले, आणि मग वर माझी तक्रार केली. 'तक्रारदाराशी उद्धट वर्तन' हा शेरा माझ्या गोपनीय अहवालात बसला आणि तपासाचे बक्षीस दुसऱ्याच अधिकाऱ्याला मिळाले. तो राग अजून गेलेला नाही.

त्यानंतर मालचोरीची तक्रार आली की मी आधी विचारत असे, "निघताना माल कोणी तोलला होता?" बहुतेक तक्रारदार नुसते बिल पुढे करत. चालक मात्र तोपर्यंत चोर म्हणून बाकावर बसवलेला असे.