लेफ्ट म्हणजे दर्या

गुणाजी घरजावई होता. केसर एकुलती एक. घर तिच्या बापाचं, होडी तिच्या बापाची, आणि बाप वारल्यावर दोन्ही तिची. त्यामुळे कोळीवाड्यात त्याला नुसतं गुणाजी कुणी म्हणत नसे. ‘केसरचा गुणा’ म्हणत. मासळीच्या लिलावात, देवळात, लग्नाच्या पंगतीत, जाईल तिथे केसरचा गुणा. केसर काही वाईट बाई नव्हती, पण हे ऐकून तिला गंमत वाटे, आणि तिला गंमत वाटते हे त्याला दिसे.

मग तो संस्थानच्या पलटणीत लागला आणि पुढे हवालदार झाला. आमच्या किनाऱ्यावर तेव्हा एक चिमुकलं संस्थान होतं. पलटणही त्याच मापाची. शिपाई सारे कोळीवाड्यातले. सकाळी कवायत करत, दुपारी जाळी सांधत. लढाई म्हणाल तर राजेसाहेबांच्या बागेत शिरणाऱ्या गुरांशी. पण हवालदाराला पितळी बिल्ल्याचा कातडी पट्टा मिळे. गुणाजीनं तो कमरेला आवळला त्या दिवसापासून लोक त्याला ‘हवालदार’ म्हणू लागले. तो पट्टा जेवतानासुद्धा सोडत नसे.

सव्वीस साली राजेसाहेब मुंबईला शर्यती बघायला गेले. तिथे दुसऱ्या एका संस्थानिकानं बोलता बोलता सांगितलं, की आमच्या फौजेला गोरा शिक्षक आहे. राजेसाहेब परतले ते तोंड पाडूनच. दिवाणसाहेबांनी शोध चालवला. इंग्रज परवडेना, म्हणून त्यांनी कॅप्टन ब्रूनर नावाचा एक साहेब आणला. हा ज्या फौजेत होता ती महायुद्धात हरली होती, आणि ज्या देशाची ती फौज, तो देश नकाशावर उरला नव्हता.

“अनुभव दांडगा आहे,” दिवाणसाहेब म्हणाले. ते काही खोटं नव्हतं.

साहेबाचे गुडघे दुखत. कवायत समुद्राकाठच्या पुळणीवर होई. पुळणीच्या उत्तरेच्या टोकाला एक उंडीचं झाड होतं, त्याच्या सावलीत खुर्ची टाकून तो बसल्या जागेवरून ओरडे, “लेफ्ट टर्न! राइट टर्न!” पहिल्या दिवशी निम्मी पलटण इकडे वळली, निम्मी तिकडे, आणि कोंडाजीचं कपाळ धर्माजीच्या नाकावर आदळलं.

साहेब मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, “पौष में बडा साहब देखने आएगा. जो लाइन तोडेगा, उसका पट्टा जाएगा. पहले हवालदार का.”

गुणाजीनं पट्टा चाचपला. पट्टा गेला की हवालदार गेला, आणि हवालदार गेला की मागे राहणार केसरचा गुणा.

त्यानं शिपायांना होडीच्या आडोशाला बसवलं. “काय रे कोंडाजी, होडीवर तू डावं-उजवं बोलतोस काय?”

“न्हाय. जमिनीकडं नायतर दर्याकडं.”

“मंग हितं कशाला डोकं फोडून घेतलंस? लेफ्ट म्हणजे दर्या. राइट म्हणजे डोंगर. फ्रंट म्हणजे साहेबाचं थोबाड. बस, संपली कवायत.”

“आणि पाय? तो लेफ्ट-राइट पायाचं बी बोलतो,” धर्माजी नाक चोळत म्हणाला.

“एक दर्याचा पाय, एक डोंगराचा. पहिला दर्याचा टाकायचा.”

दुसऱ्या दिवसापासून पलटण अशी वळू लागली, जशी एकाच दोरीनं ओढलेली. लेफ्ट म्हटलं की साऱ्यांची तोंडं दर्याकडे, राइट म्हटलं की डोंगराकडे, आणि प्रत्येक वेळी फ्रंट म्हणून साहेब त्यांना पुन्हा आपल्याकडे वळवून घेई. साहेब खूष झाला. त्यानं राजेसाहेबांना कळवलं, की आपल्या पद्धतीनं या रानटी लोकांनासुद्धा शिस्त लावता येते. राजेसाहेबांनी त्याला एक शाल दिली.

पौषात बडे साहेब, म्हणजे इंग्रज सरकारचे पोलिटिकल एजंट, आले. आदल्या दिवशी मांडव उंडीच्या झाडाखाली घातला होता. पण दिवाणसाहेब स्वतः खुर्चीत बसून बघतात तो काय, ऊन सरळ डोळ्यांत. पाहुण्यांचे डोळे दिपले तर कवायत दिसणार कशी? मांडव उचलून पुळणीच्या दक्षिणेच्या टोकाला नेला.

पलटण मांडवाकडे तोंड करून उभी राहिली, म्हणजे रोजच्या उलट; दर्या आता उजव्या हाताला आला. कॅप्टन पाहुण्यांच्या शेजारी. ठरलं होतं असं, की इथून डावीकडे वळायचं आणि डोंगराच्या बाजूच्या रस्त्यानं राजवाड्यावर सलामीला जायचं. रस्त्याला तोरणं बांधली होती, बँडवाले तिथेच उभे होते.

“लेफ्ट टर्न!”

सारी पलटण एका झटक्यात दर्याकडे वळली. टाचा अशा जुळल्या की बड्या साहेबांनी मान डोलावली. वळता वळता गुणाजीला कॅप्टनचा हात दिसला. हात डोंगराकडे होता. आता गुणाजी एकटा फिरला तर रांग मोडणार, आणि रांग मोडली तर पट्टा.

“क्विक मार्च!” हे कॅप्टनच्या तोंडून सवयीनंच निघून गेलं.

गुणाजीनं दर्याचा पाय पुढे टाकला.

“हवालदार, समोर पाणी हाय!” कोंडाजी मागून कुजबुजला.

“मंग? जन्मात बघितलं न्हायस? चल.”

कॅप्टन ओरडत होता. पण घाबरल्यावर माणसाला आपलीच भाषा आठवते, आणि त्या भाषेतला थांबण्याचा हुकूम त्यानं पलटणीला कधी शिकवलाच नव्हता. पाणी गुडघ्याला लागलं, मग कमरेला. छातीला लागलं तेव्हा साऱ्यांनी, होडीतून मासळीची टोपली उतरवताना धरतात तशा, बंदुका डोक्यावर धरल्या. रांग मात्र सरळ.

तिकडे बँडनं सलामी सुरू केली होती, कुणाला ते ठाऊक नाही.

बडे साहेब खुर्चीतून उठले आणि टाळ्या वाजवू लागले. म्हणाले, हुकूम मिळताच समुद्रात उतरणारी फौज आपण हिंदुस्थानात प्रथमच पाहिली.

“आमची खास आरमारी कवायत,” दिवाणसाहेब तिथल्या तिथे म्हणाले.

“माझी पद्धत,” कॅप्टन म्हणाला. त्याचा करार वाढला.

गुणाजीचा पट्टा राहिला. मात्र तेव्हापासून दरवर्षी पौषाच्या थंडीत पलटणीनं पाहुण्यांसमोर समुद्रात चालत जायचं, असा नियमच झाला. मांडवही कायमचा दक्षिणेला गेला. कॅप्टन पुढे कुठल्या दुसऱ्या संस्थानात गेला, तरी नियम राहिला.

पण खारं पाणी कातड्याला सोसत नाही. दर पौषात पट्टा थोडा आखडे, आणि गुणाजीचं पोट थोडं पुढे येई. एका वर्षी पट्ट्याच्या दोन टोकांची गाठ पडेना. त्यानं श्वास कोंडून पाहिला, वाकून पाहिलं.

“अवो, द्या हिकडं,” केसर म्हणाली. तिनं पट्टा लुगड्यावरून कमरेला आवळला. बरोबर बसला. “लिलावात लुगडं सुटतंय माझं. तवर मी बांधते.”

ती तशीच टोपली घेऊन बंदरावर गेली. पितळी बिल्ला उन्हात चमकला, आणि गिऱ्हाइकांनी आपोआप वाट दिली. दोन-चार बाजारांत तिचं नाव हवालदारीण पडलं.

छत्तीस सालच्या शिमग्यात कुणी नवखा माणूस गुणाजीचं घर विचारत आला. होडीवर बसलेल्या धर्माजीला आधी कळेना. मग दिवा लावावा तसा त्याचा चेहरा उजळला.

“आपल्या हवालदारणीचा गुणा व्हय? असा सरळ जा, दर्याकडं.”