वलांडीवरचा सांधा

दांडी गावच्या कोळीवाड्यातल्या माझ्या मावशीकडे एक काळ असा होता, की पावसाळाभर चूल सुक्या बोंबलांवर चालायची आणि बोंबील संपले की शेजारणीच्या भरवशावर. काका दर्यावरून परतलेच नव्हते. त्या घरातून जगातली सगळ्यांत निरुपयोगी विद्या शिकणारी बाई निघाली, ती माझी मावसबहीण. मी आमच्या खानदानातला पहिला बी.एस्सी.; सालवडला राहतो, बोईसरच्या कारखान्यात रसायनं तपासतो, आणि हे मी कुणी न विचारता सांगतो. पण तिच्यापुढे माझी पदवीही फिकी.

तिचा विषय पदार्थांच्या अवस्था आणि त्यांतली सममिती. मासळीसाठी बर्फाची लादी आणायला धाडलं, तर लादी अर्धी होईस्तोवर तिच्याकडेच बघत बसायची. "दादा, पानी कंच्याबी बाजूनं बघ, सारखंच. बरफ झाला का त्याला दिशा येते. ती ठरवतं कोन?" दिवाळीत रांगोळी काढायची तीही अर्धीच. उरलेली अर्धी तशीच असणार, परत कशाला काढायची? मावशी म्हणायची, "मंग ताटात पन अर्धंच वाढू काय गो?"

पाच वर्षं ती पदार्थाची कसलीशी एक अवस्था कागदावर शोधत होती आणि हाती काही लागत नव्हतं. पीएच.डी.चा प्रबंध द्यायची मुदत दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी संपणार होती. मी आमच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीचा अर्ज आणून दिला. तिनं एका शब्दानं वाद न घालता सही केली. एरवी चहात साखर आधी की दूध यावर तासभर भांडणारी बाई ती. मला ते बघवलं नाही.

त्याच आठवड्यात ती मावशीला हात द्यायला बसली. बोंबील सुकवायचे तर दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी वलांडीवर, म्हणजे बांबूच्या आडव्या काठीवर, टाकतात. पहिल्या जोडीची पोटं ज्या टोकाकडे, सगळी रांग त्याच टोकाकडे, हा मावशीचा शिरस्ता. मावशी एका टोकानं निघाली, ही दुसऱ्या टोकानं, तंद्रीत आणि नेमकी उलटी. मधे दोन रांगा पोटाला पोट लावून भिडल्या. तिसऱ्या दिवशी सगळे बोंबील खडखडीत, फक्त सांध्यावरचे ओले आणि वास मारणारे.

"कॉलेजात ह्येच शिकवलं काय गो?" मावशी कडाडली.

ही नाक दाबून तिथंच खाली बसली. "आये, हिकडं सुकं, तिकडं सुकं, वल सांध्यातच राहते! मी पाच वरसं एकेका अवस्थेच्या आत शोधत बसले. दोन अवस्था भिडतात ना, जे काय हाय ते त्या सांध्यावर हाय!"

"ते मला म्हाईत हाय. पन ही नासकी टोपली कोन घेनार, तुजा कॉलेजातला सायेब?"

टोपली खत म्हणून नारळाच्या बुंध्यात गेली. माझ्याकडेच पडून असलेला तिचा अर्ज मी फाडला. त्या दिवाळीत दारात रांगोळी नव्हती, अर्धीही नाही. बाईसाहेब लिहीत होत्या.

आता ती लांब परदेशात असते. वलांडीवर मावशी एकटीच. पण दर मोसमात रांगेच्या मधोमध एक जोडी ती मुद्दाम उलटी टाकते. मी कारण विचारलं तर म्हणाली, "र्‍हाऊ दे. तिची हाय ती."

आणि तो प्रबंध? त्या साली मुदतीच्या चार दिवस आधी गेला आणि मंजूर झाला. माझ्या मावशीची मुलगी डॉक्टर झाली.